समोरचा चुकेल असं धरून

स्नेहलचा नवरा अमृत गेला, तेव्हा तिला गाडी चालवता येत नव्हती. काष्टीहून पेशंट नगरच्या दवाखान्यात नेण्या-आणण्याचा त्याचा धंदा. एका संध्याकाळी परतताना उसाची बंद पडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागे दिवा नाही की काही नाही. त्याला ती दिसेपर्यंत उशीर झाला होता.

वर्षभरानं स्नेहलनं जुनी गाडी घेतली आणि सासऱ्यांना म्हणाली, "नाना, मला शिकवा."

नानांची, म्हणजे कानिफनाथांची, उभी हयात एसटी चालवण्यात गेली होती. मुलाच्या मातीलाही त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ते शेजारच्या सीटवर बसले.

"समोरचा चुकंल असं धरून चालायचं," ते शिकवत. "पुढच्या गाडीला चिकटायचं न्हाई. आरशात बघत ऱ्हायचं. आपलं बरोबर हुतं, हे दवाखान्यात पडून सांगण्यात काय हाशील?"

एकदा तिला राहवलं नाही. "यांना न्हाई शिकवलं हे?"

नाना रस्त्याकडेच बघत म्हणाले, "शिकवलं की. पन त्याला रस्ता पाठ झाला. पाठ झाला की मानूस बघायचं सोडतो."

पुढं स्नेहल एकटीच पेशंट नेऊ लागली. माघ महिन्यातल्या एका दुपारी ती डायलिसिससाठी रतनबाईंना घेऊन निघाली होती. म्हातारीचा मागच्या सीटवर डोळा लागला होता. मागून एक जीप सारखी हॉर्न देत होती. पुढं रस्ता मोकळा; दोन्ही बाजूंना माणूसभर ऊस. डावीकडच्या उसावर स्नेहलला धुरळा उठलेला दिसला. आत बैलगाडीची वाट असणार. तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. ब्रेकवर हलकेच दोन-तीनदा पाय ठेवला, म्हणजे जीपवाल्याला मागचा दिवा दिसावा. आरशात जीप मागं सरली, तशी स्नेहलनं गाडी थांबवली.

उसातून ट्रॅक्टर थेट डांबरीवर आला. मागं दोन ट्रॉल्या. चालवणाऱ्यानं इकडं मानसुद्धा वळवली नाही. गाडीच्या नाकापुढून तो आडवा गेला.

रतनबाई जाग्या झाल्या. "आलं का गं नगर?"

"न्हाई आजून. झोपा तुमी."

तिनं गाडी कडेला घेतली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि मगच निघाली. काय टळलं ते म्हातारीला कळलंच नाही.

संध्याकाळी तिनं नानांना सगळं सांगितलं.

"मागं जीप हुती म्हनलीस," नानांनी विचारलं. "थांबली नीट?"

"थांबली. मी आधीच सावध केलं हुतं त्याला."

नानांनी मान हलवली. ते ओट्यावर बसले आणि उपरणं तोंडाला लावून, लहान लेकरासारखे हमसून रडू लागले. स्नेहल त्यांच्याजवळ बसली. तिनं त्यांना गप्प केलं नाही. आत चुलीवर भात लागल्याचा वास येत होता, तरी ती उठली नाही.