शुक्रवारचा हप्ता आणि चवथीची तवशी

वत्सलाला कुणी हट्टी म्हटले की तिला ते कौतुकच वाटे. मोपा गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, ती पावसाळ्यात तवशी (मोठ्या काकड्या) आणि भेंडी लावायची. बी-खताचा खर्च जूनमध्ये, पैसा हातात यायचा तो थेट गणपतीच्या, चवथीच्या बाजारात.

गोवा घटक राज्य होऊन आठेक वर्षे झाली, तेव्हा बायकांना छोटे कर्ज देणारी एक संस्था गावात आली. पैसा परदेशातल्या मोठ्या बँकेचा, नियमही तिथलेच. पाच बायकांचा गट, एकीने हप्ता चुकवला की पाचही जणींचे पुढचे कर्ज बंद, आणि हप्ता दुसऱ्याच आठवड्यापासून, दर शुक्रवारी. म्हणे कुठल्याशा देशात बायका रोज तांदूळ कांडून विकतात, तिथे हे झकास चालले होते. चालणारच! पण तवशाच्या वेलीला दुसऱ्या आठवड्यात दोन पाने फुटतात, ती काय साहेबाला विकायची?

वत्सलाच्या गटाने मग शक्कल लढवली. अर्ध्या कर्जाचे बी घेतले आणि अर्धे वत्सलाच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवून त्यातूनच हप्ते भरले. कागदावर शंभर टक्के वसुली, सड्यावर अर्धी जमीन ओसाड. हप्ते गोळा करणारा संस्थेचा गुरुदास खूश होता. वत्सलाचा मात्र जीव जळत होता.

जुलैत त्या बँकेची बाई पाहणीला येणार होती. तिला गट पसंत पडला तर दुप्पट कर्ज. आदल्या दिवशी गटातलीच शेजारची सुमन, उद्या काही बोलू नकोस म्हणून विनवायला आली.

"वत्सलाबाय, फाल्यां गप ऱ्हव गो. माका गाय घेवची आसा."

वत्सलाला तिची दया आली. तरी ती गप्प राहणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाहुणीने विचारले, हप्ता कशातून भरता? गुरुदास तोंड उघडणार तोच वत्सलाने डबा तिच्यापुढे ठेवला. आतल्या नोटांवर बँकेची कागदी पट्टी अजून तशीच होती.

"हे तुमचेच पैशे. दर शुक्रवारी तुमचेच तुमका दितंव. आमची तवशी चवथीक येतत, तेव्हा हप्तो घेवा. एक पैसो बुडवूचंव नाय."

गुरुदासने घाम पुसत ते भाषांतर केले. बाईने वहीत बराच वेळ काहीतरी लिहिले.

त्या वर्षी दुप्पट कर्ज आले नाही. सुमनने अबोला धरला, तो वत्सलाला फार लागला. पण झाल्या गोष्टीचा तिने कधी पस्तावा केला नाही.

पुढच्या मेमध्ये गुरुदास नवा कागद घेऊन आला. पहिला हप्ता चवथीनंतर, असे त्यात लिहिले होते. वत्सलाने ते दोनदा वाचले आणि कागद घेऊन तडक सुमनच्या दारात गेली.

"पयली सही तुजी," ती म्हणाली.