वर म्हणजे कुठं?

रविवार, २२ फेब्रुवारी. आजचं काम : बासष्ट पानांतला प्रत्येक 'उत्तर' आणि प्रत्येक 'दक्षिण' शोधून तपासणे. बसले तेव्हा वाटलं होतं, दुपारपर्यंत उरकेल. संध्याकाळ झाली, अठराव्या पानावर आहे आणि चिडचिड आवरत नाही... काकांवरची थोडी, स्वतःवरची बरीच.

काकांना जाऊन सहा आठवडे झाले. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. खानापूरकडच्या आमच्या सत्तर उंबऱ्यांच्या गावात त्यांनी जन्मभर मास्तरकी केली आणि काकू गेल्यावर शेवटची चार वर्षं इथे शहरात, इंदिरानगरला माझ्याकडे काढली. येताना एक ट्रंक आणि तीन वह्या आणल्या. वह्यांत गाव होतं. कुठलं रान कुणी मोडून शेत केलं, साथ आली तेव्हा कुठली आळी उठून कुठे वसली, बांधाबांधाचं, खडकाखडकाचं नाव. ही सगळी नावं सांगू शकणारं दुसरं कुणी गावात उरलं नव्हतं. त्याचं पुस्तक व्हावं आणि शाळेतल्या मुलांच्या हातात पडावं, एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडे मागितली.

मी टाइप करायला घेतलं. 'वरची विहीर', 'देवळाच्या खाली', 'वरल्या अंगाला'... पानोपानी तेच. "काका, पुस्तकात असं चालत नाही. वर म्हणजे उत्तर ना?" "वर म्हणजे वर," ते म्हणाले. असल्या बोलण्यावर माझं डोकं फिरतं. माझी मुलगी बेळ्ळंदूरला ऑफिसला निघाली की ते विचारायचे, "खाली चाललीस गे?" नकाशात बेळ्ळंदूर इंदिरानगरच्या खालीच दिसतं. म्हणजे खाली ती दक्षिण, असं मी ठरवलं आणि कॉम्प्युटरवर एका फटक्यात सगळे शब्द बदलले. टाइप झाल्यावर वह्या रद्दीत दिल्या.

"वह्या कुठं गेल्या गे?"

"कॉम्प्युटरमध्ये आहेत."

मोतीबिंदूमुळे त्यांना स्क्रीन दिसत नसे. "वाचून तरी दाखव की." मी म्हटलं, "पूर्ण झालं की दाखवते, स्वल्प थांबा." ते थांबले. काही रविवार विचारत राहिले, मग विचारेनासे झाले.

गेल्या आठवड्यात, छापायला देण्याआधी, एक प्रत गावी लांबच्या चुलतभावाला, बाळूला पाठवली. त्याचा लगेच फोन. "अक्का, देऊळ नेऊन ओढ्यात टाकलासा की ओ! आणि मसणवट पाटलाच्या परसात!" त्याला हसू आवरेना.

"अरे, काकांनीच लिहिलंय, देवळाच्या खाली म्हणून."

"होय की. खाली म्हंजे पाणी जातंय तिकडं, उगवतीला. वर म्हंजे पाणी येतंय तिकडं, डोंगराकडं. बारक्या पोरालाबी ठावं हाय."

इंदिरानगरचं पाणीही बेळ्ळंदूरच्या तळ्याकडेच वाहतं. काका नकाशा बघून बोलत नव्हते.

सगळं पुन्हा उलट बदलावं, तर तेही जमत नाही. गावाच्या हद्दी त्यांनी सरकारी कागदावरून उतरवल्या होत्या. तिथे खरोखरचं उत्तर-दक्षिण होतं. आता कुठलं उत्तर त्यांचं आणि कुठलं माझं, हे पान सांगत नाही. वह्यांचा एव्हाना लगदा झाला असेल.

बाल्कनीत त्यांची वेताची खुर्ची अजून आहे. कामवाली झाडून झाल्यावर ती रस्त्याकडे तोंड करून ठेवायची. काका ती परत शेजारच्या इमारतीकडे फिरवायचे. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "भिंतीत काय बघता?" ते म्हणाले, "भिंत नाही बघत. वर तोंड करून बसलं की बरं वाटतं." मागचा नाला त्या भिंतीच्या बाजूनंच येतो. तेव्हा एक प्रश्न आणखी विचारला असता तर... नाही विचारला. मला कुकर लावायचा होता.

सोमवार, २३ फेब्रुवारी. सकाळी ऑफिसला रजा कळवली, खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले आणि बाळूला फोन लावला. "डोंगरात ओढा निघतो त्या झऱ्यापाशी जा. तिथून पाण्याबरोबर चालायला लाग आणि वाटेत काय काय लागतं ते सांग."

"मला सगळी नावं येत न्हाईत, अक्का."

"येतात तेवढी सांग."

मांडीवर कोरा कागद घेतला आणि त्याच्या वरच्या कडेला झरा काढला.