दामिनीची परीक्षा आणि गिरिधरची बुंदी

आमची सून दामिनी हिच्या हातून कोणाला मोजकं काही देणं होतच नाही. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर साखरेबरोबर चहापत्तीही जाते, वर "दूध आहे ना घरी?" अशी चौकशी. मला तर तिचा हा स्वभाव भारी आवडतो. पण याच स्वभावापायी ती नापास व्हायची वेळ आली होती, ती गोष्ट सांगतो.

दामिनी नागपूरच्या मिहान वसाहतीतल्या एका कंपनीत आहे. मोठमोठ्या गोदामांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम करून देणं हे त्यांचं काम. दिवाळी झाली आणि साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा पास झालात तर नागपूरची टीम तुमच्या हाती. नाही तर हे काम पुण्याला हलेल, तुम्हालाही तिकडे जावं लागेल." माझा मुलगा जितेंद्र याचं गांधीबागेत कापडाचं दुकान. दुकान काही पेटीत घालून पुण्याला नेता येत नाही. नात मिनल दहावीत. म्हणजे आई एकीकडे, लेक दुसरीकडे.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणजे काय, हे मी जितेंद्रलाच विचारलं. मी काटोलकडच्या खेड्यातला, चौथीपर्यंतच शिकलेला. आमच्या शाळेला एकच गुरुजी, चारही वर्ग एकाच खोलीत. एक वर्ग पाढे म्हणे तेव्हा दुसरा कविता म्हणे, त्यामुळे मला आजही सत्ते अठ्ठे चालीवर येतात. ते असो. जितेंद्र म्हणाला, "बाबा, दुसऱ्याचं काम ठरल्या पैशात, ठरल्या वेळेत, ठरलं तसं करून द्यायची विद्या." मी म्हटलं, मग आपली दामिनी तर पहिल्या नंबरानं येते.

कुठलं काय! शनिवार-रविवार धरमपेठेत क्लास, घरी पुस्तकाचा ढीग, आणि सरावाच्या प्रत्येक पेपरात घसरगुंडी. शेवटी एका रविवारी क्लासच्या मुकुंद सरांचाच फोन आला. दामिनी पोळ्या लाटत होती, म्हणून फोन स्पीकरवर.

"मॅडम, तुमचा अभ्यास पक्का आहे. पण ज्या प्रश्नात ग्राहकाला काही जास्तीचं फुकट द्यायची सोय दिसते, तिथं तुम्ही हटकून देऊन टाकता!"

"पण सर, ग्राहक खूश नाही होणार का?"

"ग्राहक होईल हो. परीक्षक नाही होणार."

फोन ठेवला तशी ती खालीच बसली. मला मात्र राग आला. "हे काय कंजूषपणाचं सर्टिफिकेट आहे का वं? माणसाले चार घास जास्त देणं चूक कधीपासून झालं?" आणि तिला हसवावं म्हणून मी गिरिधरची गोष्ट काढली.

गिरिधर माझा चुलतभाऊ. आमच्या प्रेमिलाच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नात बुंदी वाढायला हाच. पहिल्या पंगतीला मुलाकडचे बसले. "घ्या ना पाहुणे, लाजता काहून गा?" करत यानं बादल्यावर बादल्या रिकाम्या केल्या. एका पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला, तर यानं त्या हातावरच बुंदी ओतली! मुलाकडच्यांच्या गावात अजून त्याचं नाव निघते.

दामिनी हसली. हसता हसता थांबली.

"बाबा, शेवटच्या पंगतीत कोण होतं?"

"घरच्या बाया. तुझी सासूही होती."

"त्यांले बुंदी पुरली?"

मी जरा घसा खाकरला. "गूळ वाढला होता त्यांले."

"आणि त्या पाहुण्यानं मागितली होती बुंदी?"

"लग्नात मागते का कोणी?"

"हात आडवा धरला म्हणजे नकोच म्हटलं ना त्यानं!" ती ताडकन उठली, पिठाच्या हातानंच पुस्तक ओढलं. "म्हणजे मी पेपरात ग्राहकाले बुंदी वाढून राहिली, आणि गुळाच्या पंगतीत माझीच टीम बसून राहिली. आधी विचारायचं. पाहिजे असलं तर वेळ आणि पैसा नव्यानं ठरवायचा, मगच वाढायचं."

तव्यावरची पोळी जळली, ती मी खाल्ली. मला विचाराल तर चूक गिरिधरची नव्हतीच, आचाऱ्यानंच बुंदी कमी पाडली. पण त्या दिवसानंतर दामिनीचे मार्क चढत गेले, म्हणून मी वाद घातला नाही.

परीक्षेच्या दिवशी जितेंद्रनं दुकान बंद ठेवलं. दामिनी परीक्षा केंद्रात गेली, आम्ही बापलेक समोरच्या कॅन्टीनमध्ये.

"बाबा, बसा ना एका जागी. काहून येरझारा घालून राहिले?"

"मी निदान चालून तरी राहिलो. तू तर पेपर उलटा धरून वाचून राहिला गा!"

दुपार कलली तेव्हा दामिनी केंद्राच्या दारात दिसली, तसे आम्ही कॅन्टीनबाहेर आलो. हातात एक कागद, मान खाली, पाऊल जड. मनातल्या मनात मी पुण्याच्या गाडीत सामानही चढवून टाकलं.

"काय झालं वं पोरी?"

"झाली, बाबा. पास झाली मी. कागद तीनदा वाचला, तरी खरं वाटून नाही राहिलं."

जितेंद्र जो मटकन बसला तो तिथं उभ्या असलेल्या कोण्या परक्या माणसाच्या स्कूटरवर. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, असा मोकळा श्वास दिवाळीपासून घेतला नव्हता. दामिनीनं तिथूनच मिनलला स्पीकरवर फोन लावला.

"आई, मग तू इथंच ना?"

"इथंच, बेटा."

पलीकडे पोट्टीनं असा हंबरडा फोडला की कॅन्टीनवाला वळून पाहू लागला.

"अगं, पास झाली मी! रडतेस काहून?"

"कधीचं रडायचं होतं मला," मिनल हुंदके देत म्हणाली, "पण तुझा अभ्यास चालू होता ना!"

मग आम्ही तिघंही त्या स्कूटरभोवती उभे राहून नातीचं रडणं पोटभर ऐकत राहिलो, आणि हसत राहिलो.