दादाच्या गाडीतली पॉवरची डबी

आमचा दादा तीस वर्षं टॅक्सी चालवतोय. 'चालवत होता' म्हणायला अजून जीभ वळत नाही. मी त्याचा धाकटा भाऊ, मेकॅनिक. गॅरेज माझं, पण या कामाला मला लावलं त्यानंच. वडील गेल्यावर हाताला धरून एका गॅरेजवाल्यापुढे उभं केलं आणि म्हणाला, "याला शिकवा. डोकं तापट आहे, पण हात चांगला आहे." त्यामुळे साऱ्या जगावर खेकसणारा मी दादापुढे मात्र गप्प.

त्याची गाडी जुनी. सपाटीवर ठीक, पण टेकडीवरच्या हॉस्पिटलच्या चढावर अगदी जीव काढायची. स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला 'कासवराव' म्हणायचे. दादा हसण्यावारी न्यायचा, पण मनाला लागायचं त्याच्या. मला काय कळत नव्हतं?

एक दिवस स्वारी गॅरेजात आली ती छाती फुगवून. "पंधरा दिवस झाले, मुद्दामच सांगितलं नाही तुला. इंजिनाला पॉवरची डबी बसवलीय! काय ओढते म्हणून सांगू!"

काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी, वर निळा दिवा. स्टँडवर कोणीतरी विकायला आला होता, दहा मिनिटांत बसवून गेला म्हणे. मी ती उघडली. आत काय? दिव्याची जोडणी आणि तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर. बस्स! इंजिनात जाणारी हवा किती गरम आहे, हे सांगणारा सेन्सर असतो. त्याच्या वायरीत हा घुसडलेला. म्हणजे भर उन्हातही इंजिनाला वाटणार, बाहेर कडाक्याची थंडी आहे, आणि ते बिचारं नको तेवढं पेट्रोल पिणार. प्लग काजळीनं काळे ठिक्कर पडले होते. माझं डोकंच फिरलं.

"दादा, गंडवलंय तुला. इंजिनाची वाट लागेल."

"तीस वर्षं स्टेअरिंग धरतोय मी. गाडी ओढते की नाही, मला कळत नाही?"

आता याला काय सांगणार, कप्पाळ!

मग मी शहाणपणा केला. दादा समोर चहा प्यायला गेला तेवढ्यात रेझिस्टर कापून काढला, सेन्सरची वायर होती तशी जोडली आणि डबी बंद केली. निळा दिवा तेवढा चालू ठेवला. इंजिन वाचलं, दादाचं मनही राहिलं, म्हणून स्वतःवरच खूश झालो. गाढव कुठला!

दादानं एक फेरी मारली आणि खिडकीतून ओरडला, "अरे, आता तर आणखीच पळतेय!"

मी मान डोलावली.

महिनाभर त्याचा रुबाब बघण्यासारखा होता. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमचे दादा सकाळी नवरदेवासारखे निघतात हो!" मीही हसलो. चढावर तो आता पुढच्या गाड्यांना ओलांडायला लागलाय, हे मात्र मला कोणी सांगितलं नाही. रिकाम्या रस्त्यावर जमत असणार, नशिबानं.

मग एका दुपारी चढावर भरलेल्या ट्रकला ओलांडायला दादानं गाडी उजवीकडे काढली. समोरून बस आली. दादानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आणि गाडी तिच्यात जेवढा दम होता तेवढीच धावली. शेवटच्या क्षणी त्यानं ती रस्त्याकडेच्या चरात घातली. मागच्या सीटवर एक म्हातारी होती, हॉस्पिटलात टाके काढायला निघालेली. तिचं मनगट मोडलं. दादाला साधं खरचटलंही नाही.

त्या दिवसापासून त्यानं किल्लीला हात लावला नाही. "गाडीत ताकद होती रे, माझाच अंदाज गेला," एवढंच म्हणतो. "मारलं असतं मी म्हातारीला."

आठ दिवस मी मूग गिळून बसलो. मग राहवेना. गाडीतली डबी काढून दादाच्या घरी गेलो, वहिनीच्या देखत त्याच्यापुढे उघडली आणि सगळं सांगितलं. "अंदाज तुझा चुकला नाही, दादा. फसवलं मी तुला. शिव्या घाल, मार मला."

दादानं कापलेल्या तारा निरखून पाहिल्या. मी मार खायला तयार होतो, खरंच सांगतो, मला तो हवाच होता. पण त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"माझ्यासाठी स्वतःवर आळ घेतोस होय रे? ओढ जाणवत होती मला गाडीची. महिनाभर, रोज. आणि समजा, तू म्हणतोस तसंच असेल. गाडीत काहीच नसताना मला ते जाणवत होतं, तर मी गाडी चालवायची कशाच्या भरवशावर?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन, अशी तिला आशा होती. मी डबी उचलून खिशात टाकली.

गाडी मी दुरुस्त करून त्याच्या दारात उभी केलीय. काल वहिनीला डॉक्टरकडे न्यायचं होतं. दादानं स्टँडवरून टॅक्सी बोलावली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.