चारकोपची गढी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका बंदोबस्तात राहणारा माणूस अख्ख्या चारकोपात दुसरा नसेल, आणि त्यांच्या घरात चोरण्यासारखं तर काहीच नव्हतं. लहानपणी गावी त्यांनी एका सरदार घराण्याची गढी पाहिली होती; म्हणजे देवडीपर्यंतच, त्यापुढे यांना कोण सोडणार? पण तेवढ्यावर काकांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं. दुपारी गॅलरीत बसून चहा गार होईपर्यंत ते त्या गढीत हिंडत. चार बुरूज, भिंतीच्या पोटातून चढणारा अंधारा जिना, नगारखान्यात घुमणारे पारवे. ऐकता ऐकता समोरचा रिक्षा स्टँड कुठल्या कुठे जाई आणि मलाही दगडाचा गारवा लागे.

नुसतं सांगून थांबतील तर ते काका कसले? त्यांनी वन रूम किचनमध्येच गढी बांधायला घेतली. दाराला ठेंगणी चौकट बसवली, कारण दिंडी दरवाजातून येणाऱ्याची मान आधी आत यावी, म्हणजे तलवारीचं काम सोपं. हे त्यांनी मला समजावलं तेव्हा मी वाटीभर साखर मागायला गेलो होतो. दारासमोर कपाट आडवं लावलं. गढीत वाट सरळ नसते, शत्रूला धावत येता येऊ नये म्हणून. पुढे नवा फ्रिज दोर बांधून गॅलरीतून चढवावा लागला. काकींनी कपाळाला हात लावला, तोही चौकटीने आणलेल्या टेंगळावर.

मग काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना व्हीलचेअरसकट जिन्यावरून आम्ही उचलून आणलं. खुर्ची दारातून गेली आणि कपाटाशी अडकली. ना पुढे, ना मागे. काकी घामाघूम झाल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, मी शत्रू नाही ना?"

मला खूण करून काकांनी स्वतः कपाटाला खांदा लावला. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून चौकटही उंच करून घेतली. सुताराचं काम चालू असताना मला म्हणाले, "बांधणाऱ्याने सगळा विचार बाहेरच्यांचा केला रे. आपल्या माणसाला परत यायचं असतं, ते राहूनच गेलं."

आता काकी काठी टेकत सरळ आत-बाहेर करतात, आणि ते पाहून फार बरं वाटतं. गढी गेली याची हुरहूरही लागतेच. काका आता तिच्याबद्दल बोलत नाहीत. फक्त सकाळी दूध घेऊन परतताना, त्या उंच दाराशी, ते अजूनही मान खाली घालून वाकतात.