लोखंडी गडी आणि उडणारा

डायलिसिसला सुई टोचलेला हात चार तास हलवायचा नसतो. माझा दादा आणि शेजारच्या खाटेवरचे जाधव, दोघांनी त्यावर तोड काढली होती. जुनं कॉमिक दादाने मोकळ्या हातात धरायचं आणि पानं जाधवांनी उलटायची. मग कुणाचा हिरो भारी, यावरून भांडायचं.

"आमचा उडणारा तुमच्या त्या लोखंडी गड्याला ढगात नेऊन सोडेल!" जाधव म्हणायचे.

"सोडू दे की. खड्डा जमिनीला पडेल, त्याला काय होतंय?"

पन्नाशी उलटलेली माणसं. दिवसाला प्यायचं पाणीसुद्धा मापाने, आणि गप्पा डोंगर उचलण्याच्या. खाटेशी बसून ऐकताना मला आधी हसू यायचं, मग चीड. या अंकात मेलेला पुढच्या अंकात उठून उभा राहतो. ज्याला मरण नाही, त्याची ताकद कसली तोलता? आठवड्यातून तीनदा या खाटेवर चढून दाखव म्हणावं त्याला.

या मंगळवारी शेजारच्या खाटेवर कुणी नवाच माणूस होता. जाधव रविवारी गेले, नर्सने हळूच सांगितलं. कॉमिक दादाच्या पोटावर मिटलेलं पडून होतं.

"मी उलटू का पानं?" मी विचारलं. त्याने कॉमिक उचललं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "शेवटी तुझाच जिंकला म्हणायचा."

"नाही," छताकडे बघत तो म्हणाला. "समोरचा आलाच नाही, तर जिंकलेलं धरत नाहीत."