खिडकीपुढचे सीताफळ

“दसऱ्यापर्यंत फळ दिसलं तर ठीक, न्हाई तर कुऱ्हाड घालतो,” असे माझे थोरले दीर भिंतीला म्हणाले. आमच्या घरात थोरल्या दिराने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचे नसे. ते भिंतीशी, म्हशीशी किंवा आपल्या बायकोशी बोलत, आणि ते आपल्यासाठी आहे हे मी ओळखायचे असे. मी ओळखले. भिंत गप्प राहिली, मीही राहिले.

साखऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात मी नव्वदच्या दशकात लग्न होऊन आले. मराठी घेऊन बी.ए. झालेली, वृत्तांच्या मात्रा अचूक मोजणारी, आणि भाकरी थापताना हमखास कड फाडणारी. नवरा हिंगोलीला नोकरीला. शनिवारी संध्याकाळी यायचा आणि रविवारी संध्याकाळी जायचा. उरलेले सगळे दिवस मी, सासूबाई, जाऊबाई आणि भिंतीशी बोलणारे दीर. मला मागची खोली मिळाली होती. तिला तीन गजांची एकच खिडकी, आणि खिडकीपुढे अंगणातले सीताफळ. दुपारी त्याच्या पानांतून गाळून आलेला हिरवट उजेड माझ्या चटईवर पडे. त्या घरात मला आवडणारी तेवढी एकच गोष्ट होती.

आता ते झाड पाडून तिथे धान्याची खोली काढायची होती. तिची भिंत थेट माझ्या गजांना भिडणार होती. म्हणजे खिडकी संपली; उरलेले आयुष्य मी ज्वारीच्या पोत्यासारखी अंधारात रचून ठेवली जाणार. ही कल्पना जाऊबाईंची होती. त्यांनी ती लपवलीही नाही.

“दिवसभर खिडकीतनं माझ्या चुलीकडं डोळे लावून बसती,” त्या सासूबाईंना मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. “आमी काय टाकलं, काय खाल्लं, समदं मोजती. अन् झाड तरी काय कामाचं? वांझोटं हाय.”

त्यांच्या चुलीत मला काडीचेही स्वारस्य नव्हते. पण झाडाला फळ धरत नव्हते, हे खरे होते. दर वर्षी ज्येष्ठात ते फुलांनी लगडे आणि आषाढ सरेपर्यंत एकेक फूल देठासकट खाली. शिवाय कोवळ्या फांद्यांवर पांढरा, कापसासारखा थर; बोटाने दाबला तर आतून गुलाबी ओल निघे. खालची पाने चिकट, त्यांवर काजळी धरलेली. शेतकरी त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात. नाव मजेशीर आहे, कीड नाही.

मग मी खिडकीतून खरोखरच पाहू लागले, पण चुलीकडे नव्हे. बुंध्यावरून काळ्या मुंग्यांची रांग वर जात होती. वर जाऊन त्या पिठ्यांना खात नव्हत्या; शिंगांनी गोंजारत होत्या, आणि पिठ्या पाझरतील तो गोड थेंब पीत होत्या. एखादा लाल किडा पिठ्यांवर चालून आला की सगळ्या मिळून त्याला हुसकावत. गवळ्याने म्हशी राखाव्यात तशा त्या पिठ्या राखत होत्या. आणि या मुंग्यांना झाडाच्या मुळाशी कोणी आणले होते? माझ्या सासूबाईंनी. आंघोळ झाली की ओल्या केसांनी त्या बुंध्याशी चिमूटभर साखर आणि पीठ घालत. मुंग्यांना साखर घातली की पुण्य लागते. त्यांचे पुण्य वाढत होते आणि झाड मरत होते.

“मामी, साखर मारुतीच्या पाराशी घाला ना,” मी एकदा सासूबाईंना म्हटले. “इथल्या मुंग्या झाडावरची कीड पोसतायत.”

“मुक्या जीवाच्या तोंडचा घास काढतीस?” त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “शिकलेल्या पोरीला पाप-पुण्य कळत न्हाई म्हणत्यात, ते बराबर हाय.”

पाप लागणारच होते, तर नीट लावून घ्यावे असे मी ठरवले. बुंध्याला प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी घट्ट गुंडाळली आणि तिच्यावर बैलगाडीच्या कण्याचे काळे वंगण बोटभर जाड थापले. त्याचा वास माझ्या नखांत कित्येक दिवस राहिला: जळका, लोखंडी, शिसारी आणणारा. मुंग्या पट्टीपाशी येऊन थांबल्या. मला आसुरी आनंद झाला. मग कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात चिंधी बुडवून एकेक फांदी पुसली. गुलाबी ओल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली, आणि सुकल्यावर कातडी ताणली.

पण आठवड्याभरात मुंग्या पुन्हा वर. पट्टी तशीच, वंगण तसेच. मी खिडकीशी बसून वाट शोधली. जाऊबाईंची कपडे वाळत घालायची तार एका टोकाला त्यांच्या खांबाला आणि दुसऱ्या टोकाला या झाडाला बांधलेली होती. मुंग्या त्यांच्या लुगड्यांच्या काठावरून ओळीने माझ्या झाडावर येत होत्या. मी तार सोडली.

“माझी तार काहून सोडली गं?” त्या ओले कपडे खांद्यावर घेऊन उभ्या राहिल्या.

“मुंग्या येतात तारेवरून.”

“मुंग्या! अन् माझी लुगडी कुठं वाळू घालू, तुझ्या बी.ए.वर?”

सासूबाई हसल्या. म्हैससुद्धा वळून पाहू लागली असे मला वाटले. मी तार गोठ्याच्या वाशाला बांधली. त्यांनी ती झाडाला बांधली. मी पुन्हा सोडली. हे इतक्यांदा चालले की शेवटी तारच तुटली. त्या दिवसापासून जाऊबाईही भिंतीशी बोलू लागल्या.

कीड हटली, तरी फुले गळतच होती. तेव्हा मी बांधावरची सीताफळे पाहायला गेले. त्यांना कोणी पाणी घालत नाही, कोणी विचारत नाही, आणि ती दर वर्षी फळांनी वाकलेली असतात. संध्याकाळची वेळ होती. सीताफळाचे फूल सुंदर नसते. तीन जाड, हिरवट, मांसल पाकळ्या, मान खाली घातलेल्या. पण सांज झाली की त्याला वास सुटतो, पिकलेल्या केळ्याचा आणि आंबलेल्या पिठाचा मिळून. मी एक फूल सोलले. आत तिळाहून बारीक तपकिरी भुंगेरे होते, अंगावर पिवळसर भुकटी माखलेले. झाडाखाली कुजलेल्या पानांचा आणि सडक्या फळांचा थर. पायाने उकरला तर तसेच भुंगेरे त्यातही. घरी येऊन आमच्या झाडाची फुले सोलली. ती रिकामी होती.

रिकामी असणारच. अंगणाची स्वच्छता हा जाऊबाईंचा गावभर मिरवायचा दागिना होता. पहाटे खराटा, मग शेणाचा सडा. एक पान पडले की उचलले जाई. आणि वास सुटायच्या नेमक्या वेळी त्या डासांसाठी शेणी नि कडुलिंबाचा पाला पेटवून धूर करत. धुराचे घमेले नेहमी माझ्या खिडकीखालीच ठेवत. तो धूर मला हाकलण्यासाठी होता. मी गेले नाही, भुंगेरे मात्र गेले.

मी त्यांना सांगितले. पानं राहू द्या बुंध्याशी, धूर गोठ्याकडे करा.

“बघा,” त्या भिंतीला म्हणाल्या, “आता अंगणाचा उकिरडा करा म्हणती.”

मग भुंगेऱ्यांचे काम मला करावे लागले. एका फुलाची बाई आणि बुवा एका वेळी जागे नसतात, हे सोलून सोलून माझ्या ध्यानात आले होते. पाकळ्या किलकिल्या होतात तेव्हा आतली टोके ओली, चिकट असतात, भुकटी धरायला तयार. पण तेव्हा भुकटी सुटलेली नसते. पाकळ्या पुऱ्या फाकून भुकटी सुटते, तोवर टोके सुकून जातात. म्हणून संध्याकाळी फाकलेल्या फुलांची भुकटी मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत झटकून घेई, आणि सकाळी, पाण्याला जाण्याआधी, किलकिल्या फुलांत चित्रकलेच्या ब्रशाने फिरवी. फूल फाटू नये म्हणून श्वास धरावा लागे.

शेजारणी कुडावरून बघत.

“काय करून राहिली गं तुमची धाकली?”

“झाडाचं लगीन लावून राहिली,” जाऊबाई म्हणाल्या. “नवरा हिंगोलीला. मग काय करंल, फुलाला मुके देती.”

त्यावर कुडापलीकडे उठलेल्या हसण्याचा आवाज मला अजून आठवतो. तव्यावर पाणी पडल्यासारखा. मी वळले नाही. ब्रश थरथरला असता तर एक फूल वाया गेले असते, आणि त्यांच्यासाठी मी एक फूलही वाया घालवणार नव्हते.

फुले गळायची थांबली. देठांशी हिरव्या, खरबरीत गाठी धरल्या, वाटाण्याएवढ्या, मग सुपारीएवढ्या. पोळा झाला, महालक्ष्म्या येऊन गेल्या, गाठींना डोळे उमटले; पण पानांआड हिरव्यात हिरव्या, त्या घरात माझ्याशिवाय कोणाला दिसल्या नाहीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी थोरले दीर गवंड्याला घेऊन आले. गवंड्याने दोरी काढली, दोरीचे टोक माझ्या खिडकीच्या चौकटीला टेकवले आणि वर पाहिले.

“दादा, हे तर लदलेलं हाय. असं झाड तोडत्यात व्हय? माझ्या हातानं न्हाई व्हायचं.”

दीर झाडाखाली फिरले. एक फळ तळव्यात घेऊन जोखले. डोळ्यांच्या मधल्या रेषा पांढुरक्या झाल्या होत्या, फळ दोन दिवसांत उतरले असते. मी आत, गजांना धरून. मग ते भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे, वळले.

“खोली गोठ्याच्या अंगानं काढू म्हणावं.”

जाऊबाई ओट्यावरून म्हणाल्या, “अन् माझ्या चुलीवर हिची नजर?”

“तुझ्या चुलीवर काय सोनं शिजतंय?” दीर म्हणाले आणि दोरी गुंडाळू लागले.

फळे उतरवली ती जाऊबाईंनी. मला विचारले नाही. मोठी, डोळे भरलेली निवडून त्यांनी टोपलीत पाल्यावर रचली, कळमनुरीला माहेरी धाडायला. सासूबाईंनी मुंग्यांच्या पुण्याने झाड फळले असे शेजारणींना सांगितले. मी खिडकीत बसून दोन्ही पाहिले-ऐकले. शेवटी जाऊबाई गजांपाशी आल्या. किती महिन्यांनी त्या माझ्या तोंडाकडे बघून बोलत होत्या.

“घे,” त्यांनी एक पिचलेले फळ गजांतून पुढे केले. “एवढा जीव काढलास, एक तरी खा.”

“मला सीताफळ आवडत नाही,” मी म्हटले. खरेच होते ते. ती रवाळ, घशात साकळणारी गोडी, आणि घासाघासाला बी. मला लहानपणापासून तिटकारा.

पिचलेल्या फळाचा रस त्यांच्या मनगटावरून बांगड्यांत उतरला.

“मग हे समदं काहून केलंस?”

“तुम्ही उजेडात उभ्या आहात,” मी म्हटले. “जरा बाजूला व्हा.”